कुत्रं झोकांड्या खाऊ लागलं तर

पोरा, जागलीला कुत्रं सोबत नेतोस, म्हणून सांगून ठेवतो. चालतं-बोलतं कुत्रं एका सकाळी कलंडलं, की आपल्या सिंदेवाहीकडे दोनच बोलणी होतात. चैत्र असला तर मोह खाऊन झिंगलं म्हणतात, नाहीतर पिसाळलं म्हणून काठ्या घेतात. तू घाई करू नको. लांबूनच फास टाकून बांध आणि बघत बस.

आपला काळू तेरा वर्षांचा असताना असाच पडला. मान डावीकडे तिरपी, भिंतीला अंग घासत त्याच बाजूला गोल फिरायचा, ओकायचा. पिसाळण्यावरची दरसालची लस टोचलेली होती, म्हणून मी जवळ बसलो. डोळ्यांतल्या बाहुल्या हळूच एका कडेला सरकायच्या आणि झटक्यानं माघारी यायच्या, थांबायच्याच नाहीत. मला वाटलं लकवा मारला, संपलं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, म्हाताऱ्या कुत्र्यात तो असा अचानक बिघडतो, बरेचदा कारणही सापडत नाही. तीन दिवसांत डोळे थांबले, तीन आठवड्यांत काळू वावरात आला. मान मात्र जन्मभर जराशी तिरपी राहिली. तेवढे दिवस त्याला पोत्यावर निजवलं, विहिरीकडे जाऊ दिलं नाही, वाटी तोंडाशी धरून पाणी पाजलं. कानात तेल घालायला शेजारी सांगत होते, मी घालू दिलं नाही. कान आतून पिकूनही मान तिरपी होते, आणि पडदा फाटलेला असला तर तेल आत जातं.

पावसाळ्यात मण्यारीची शंका आधी घे. रात्री चावते, दात उमटलेले दिसतही नाहीत. कुत्रं गोल फिरत नाही, अंग सोडून देतं. मागचे पाय लुळे, पापण्या मिटायला लागलेल्या, भुंकणं बसलेलं. मंत्र-झाडपाल्यात तास घालवू नको, सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि डॉक्टर जिथे असतील तिथे ने. गोचिडांनी अंग भरलेलं असेल तर तेही सांग.

आता सगळ्यांत जपायचं. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, घास गिळवत नाही, तर घशात हाडूक अडकलं म्हणून तोंडात हात घालू नको. पिसाळलेलं प्रत्येक कुत्रं चावत सुटत नाही, काही नुसतंच लुळं पडतं. लाळ ओरखड्याला लागली तरी साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धू, हळद-चुना लावू नको, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घे आणि सगळ्या तारखा पाळ.

पिल्लांच्या नाकाडोळ्यांतून घाण येऊन मग झटके येत असतील, एक पाय सारखा उडत असेल, जबडा चघळल्यासारखा हलत असेल, तर तो डिस्टेंपर. पिल्लू वेगळं ठेव, जंगलाच्या कडेला मोकळं सोडू नको. 2018 मध्ये गीरचे सिंह मेले, त्यांत हाच विषाणू सापडला होता, आणि आपल्या शिवाराला लागून ताडोब्याचे वाघ आहेत. लस पिल्लूपणीच टोचून घे.

दवाखाना लांब असला तर 1962 ला फोन लाव. आणि निघण्याआधी लांबूनच मोबाइलवर त्याची चाल अन् डोळे टिपून घे. गाडीच्या हादऱ्यानं तिथं पोचेपर्यंत कुत्रं निपचित पडतं, मग डॉक्टरांना काय दाखवशील?