इंजिनातील गाळ : 'गाडी फिरतच नाही, तेल कशाला बदलायचे?'

आमच्या धंद्यातील बहुतेक मंडळींची तेलाशी पहिली ओळख लूमवर होते. कारागीर तेलाची कुपी घेऊन लूमभोवती फिरतो, सांध्यासांध्यात थेंब सोडतो. तेथे जुने तेल गळून जाते आणि नवे त्याची जागा घेते. म्हणून तेल ही 'घालायची' वस्तू आहे असे डोक्यात बसते. माल वाहणाऱ्या गाडीच्या बाबतीत हीच समजूत नडते. इंजिनातील तेल गळून जात नाही. तेच तीन-चार लिटर तेल पंपाने चेंबरमधून वर चढते, बेअरिंग, कॅम आणि टॅपेटवरून फिरते व पुन्हा चेंबरमध्ये उतरते. त्यात जो कचरा मिसळला तो तेथेच राहतो. पातळी उतरली म्हणून वरून अर्धा लिटर ओतले, तर ते तेल बदलणे नव्हे.

हा कचरा येतो कुठून? एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक सायलेन्सरमधून निघून जाते, परंतु थोडी वाफ, थोडा धूर आणि न जळालेले इंधन पिस्टनच्या रिंगांवरून खाली तेलात उतरते. इंजिन पुरेसे तापले तर हे पाणी व इंधन उडून ब्रीदरच्या वाटेने निघते. तापले नाही तर तेलातच मुरते. नव्या तेलात कचरा धरून ठेवणारी रसायने मिसळलेली असतात. ती संपली की तेल घट्ट होऊ लागते. सायझिंगमधील कांजी थंड पडल्यावर जशी गुठळ्या धरते, तसा काळा, डांबरासारखा चिकट थर टॅपेट कव्हरखाली आणि चेंबरच्या तळाशी जमतो. यालाच इंग्रजीत स्लज म्हणतात.

आता आपल्या गाड्यांची चाल पाहा. गोदामातून सूत सायझिंगला, सायझिंगमधून बीम कारखान्यात, कारखान्यातून ताके ट्रान्सपोर्टच्या कचेरीत. एकेक फेरी दोन-तीन किलोमीटरची. मध्ये भिवंडीसारख्या ठिकाणची कोंडी आणि माल चढेपर्यंत चालूच ठेवलेले इंजिन. काट्यावर पाणी गरम दिसले तरी तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, गाडी तर फिरतच नाही, तेल कशाला बदलायचे?" हिशेब नेमका उलटा आहे. महामार्गावर रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे तेल अशा गाडीपेक्षा चांगले राहते. शिवाय उभ्या गाडीचे इंजिन तासभर चालले तर किलोमीटर शून्य, पण तेलाची झीज चाळीस-पन्नास किलोमीटरची, असा ठोकताळा जाणकार धरतात.

गाडीसोबत मिळणारे पुस्तक आमच्यापैकी फार थोडे जण उघडतात. त्यात 'अमुक किलोमीटर किंवा अमुक महिने, जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते. आपण पहिला अर्धा भाग वाचतो, दुसरा सोडतो. त्याच पुस्तकात पुढे कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो : जवळच्या फेऱ्या, धूळ, जादा वजन, उभे इंजिन. आपल्या गाड्या या तक्त्यातल्या. तेथे मुदत बहुधा निम्मी होते, म्हणजे वर्षाऐवजी सहा महिने. फिल्टरही त्याच वेळी बदलावा. जुना फिल्टर ठेवून नवे तेल भरणे ही कंजुषी आहे, काटकसर नव्हे.

चांगल्या कंपनीचे इंजिन आहे म्हणून निर्धास्त राहू नये. टोयोटासारख्या नावाजलेल्या कंपनीच्या १९९७ ते २००२ सालच्या काही मॉडेलांत गाळाच्या तक्रारी आल्या. कंपनी म्हणे मालकांनी तेल वेळेवर बदलले नाही. अनेक मालक म्हणत, आम्ही बदलले. शेवटी २००२ साली अमेरिकेत सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी, पहिल्या विक्रीपासून आठ वर्षांपर्यंत, गाळाने झालेले नुकसान भरून देण्याची योजना कंपनीला जाहीर करावी लागली. अशा भांडणात कागद बोलतो. उधारीची चिठ्ठी जपणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांनी तेलाच्या पावत्याही तारीख व किलोमीटर टाकून जपाव्यात. वॉरंटीतील गाडीला तर हे हवेच.

तेलाच्या रंगावर विसंबू नये. डिझेल गाडीत नवे तेल काही दिवसांत काळे पडते, तो दोष नव्हे. सीएनजीवर ते बराच काळ स्वच्छ दिसते, म्हणून ताजे असते असेही नाही. आठवड्यातून एकदा, मालेगावसारख्या गावी लूम बंद असतात त्या शुक्रवारी सकाळी, गाडी सपाट जागी ठेवून थंड इंजिनाची डिपस्टिक पाहावी आणि भरणीचे झाकण उघडून आतून बोट फिरवावे. झाकणाखाली दुधाळ चहासारखा पातळ थर दिसला तर बहुधा ओलावा साचतो आहे. गाडी एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी. डिपस्टिकवरही तसाच रंग असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरून गाडी बंद ठेवावी. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्याआधीच जवळच्या फेऱ्यांत इंजिन वारंवार बंद झाले तर डिझेल तेलात उतरते आणि पातळी वाढते. तेल वाढले म्हणून खूश होणारे ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत! अशा गाडीला पुस्तकात सांगितलेलेच कमी राखेचे तेल लागते.

सुटे तेल घेऊ नये. सीलबंद डबा समोर फोडून घ्यावा आणि रिकामा डबा तेथेच कापून टाकावा. नाही तर त्यात दुसऱ्यासाठी बनावट माल भरला जातो. निघालेले काळे तेल गटारात ओतू देऊ नये. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेला पाहिजे.

गाळ आधीच जमला असेल तर? पुष्कळ मिस्त्री डिझेल टाकून इंजिन धुऊन देतो म्हणतात. येथे घाई करू नये. सुटलेल्या गुठळ्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, वर तेल चढत नाही आणि बेअरिंग धरते. दोन हजार वाचवायला गेलेल्याला पूर्ण इंजिनकाम करावे लागते, वर सणाच्या हंगामात गाडी गॅरेजमध्ये आणि हप्ता चालू. त्यापेक्षा चेंबर खोलून जाळी हाताने साफ करवावी, नवा फिल्टर व नवे तेल घालावे, आणि हजार-दीड हजार किलोमीटरवर तेल-फिल्टर पुन्हा बदलावेत. तोवर तेलाची लाल बत्ती लागली तर 'कारखान्यापर्यंत जाऊ' असे न म्हणता जागच्या जागी इंजिन बंद करावे, ही सूचना ड्रायव्हरला आजच द्यावी.