मावळ तालुका : भूमी, पाणी आणि भात

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या माथ्याला लागून मावळ तालुका वसलेला आहे. पश्चिमेस रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर, उत्तरेस खेड, दक्षिणेस मुळशी आणि पूर्वेस पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक परिसर अशा त्याच्या सीमा आहेत. तालुक्याचे मुख्य ठिकाण वडगाव असून लोणावळा व तळेगाव दाभाडे ही मोठी शहरे होत. विपुल पाऊस, सुवासिक तांदूळ आणि प्राचीन लेणी ह्यांसाठी हा तालुका प्रसिद्ध आहे. तथापि जेथे पावसाळ्यात खाचरे तुडुंब भरतात, तेथेच भाताच्या कापणीनंतर पुष्कळ जमीन पाण्यावाचून पडीक राहते. असे का होते, हे समजण्यासाठी तालुक्याचा भूगोल व इतिहास एकत्रच पाहिला पाहिजे.

भूरचना व पर्जन्यमान

येथील भूमी काळ्या पाषाणाची आहे. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या रांगा पसरल्या असून त्यांच्यामधील खोऱ्यांत वस्ती व शेती आहे. पवनेच्या खोऱ्यास पवन मावळ, आंद्रा नदीच्या खोऱ्यास आंदर मावळ आणि इंद्रायणीस मिळणाऱ्या कुंडली नदीच्या परिसरास नाणे मावळ म्हणतात. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीवरून वाहत जाऊन तुळापूर येथे भीमेस मिळते.

लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस अवघ्या तीस किलोमीटरांवरील तळेगावपर्यंत हे प्रमाण हजार-बाराशे मिलिमीटरांवर उतरते. हा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडतो. उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ असल्याने पाणी मुरण्यापूर्वीच वाहून जाते. म्हणून खोऱ्याच्या तळाशी बांध घालून भातखाचरे आणि उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई, अशी पिकांची वाटणी येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने केलेली आहे.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास

मावळातील शेतीचा लेखी पुरावा कार्ल्याच्या लेण्यांत सापडतो. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात ह्याने पावसाळ्यात तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी ‘करजिक’ नावाचे गाव दान दिल्याचे तेथील शिलालेखात नमूद आहे. सातवाहन काळातील दुसऱ्या लेखात ‘मामाळ’ येथील अधिकाऱ्यास उद्देशून राजाज्ञा कोरलेली आहे. ह्या मामाळाचेच पुढे मावळ झाले, असे अभ्यासक मानतात. सूर्य मावळतो त्या दिशेचा प्रदेश म्हणून मावळ, अशीही व्युत्पत्ती सांगितली जाते. गावाचे उत्पन्न दान करता येते ते तेथील शेती स्थिर असेल तरच. ह्यावरून सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीही ह्या खोऱ्यांत स्थिर शेती होती, असे म्हणता येते.

शिवकालात ह्याच खोऱ्यांतील कष्टाळू शेतकरी ‘मावळे’ म्हणून स्वराज्याच्या सैन्यात दाखल झाले. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना व राजमाची हे किल्ले घाटवाटांवर आणि खोऱ्यांवर नजर ठेवून उभे आहेत. त्यांपैकी लोहगडाचा समावेश २०२५ साली मराठा लष्करी भूदृश्यांतील एक किल्ला म्हणून जागतिक वारसा यादीत झाला.

जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडे निघालेली इंग्रजांची फौज तळेगावास पोहोचली, तेव्हा मराठ्यांनी ते गाव जाळून रिकामे केले होते. धान्य व वैरण मिळेना, म्हणून फौजेस माघार घ्यावी लागली. वडगाव येथे महादजी शिंदे प्रभृती सरदारांच्या सैन्याने तिला वेढले आणि इंग्रजांना तह करावा लागला.

लोहमार्ग, वीज व धरणे

१८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मावळ मुंबईस जोडला गेला. घाटमाथ्यावरील लोणावळे हवा खाण्याचे ठिकाण बनले. पुढे ह्या प्रदेशाच्या पाण्याकडे उद्योजकांचे लक्ष गेले. लोणावळ्याच्या परिसरात वलवण आदी तलाव बांधून पूर्वेस वाहणारे पाणी पश्चिमेस वळविण्यात आले. ते सुमारे पाचशे मीटर खाली सोडून १९१५ पासून खोपोली येथे वीज निर्माण होऊ लागली. ह्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. आंद्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. त्याच सुमारास शेजारच्या मुळशीत धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला.

१९७२ मध्ये पवना धरण पूर्ण झाले. त्याचे पाणी नदीपात्रातून पिंपरी-चिंचवडकडे जाते आणि वाटेतील शेतकरी ते उपसून पिकांस देतात. हे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेस शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावरील आंदोलनाच्या वेळी झालेल्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. पाणी नदीतून वाहते की नळातून, ह्यावर काठच्या शेतीचे दुसरे पीक अवलंबून असते, हे त्या विरोधाचे मूळ होते.

वीज व शहरांचा पाणीपुरवठा ह्यांची गरज नाकारता येत नाही. परंतु शतकभराच्या ह्या घडामोडींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मावळात पडणाऱ्या पाण्यावर अनेकांचा हक्क प्रस्थापित झालेला असून शेतकऱ्याच्या थेट ताब्यात राहते ते मुख्यतः त्याच्या खाचरात अडलेले पाणी होय.

भाताचे वाण

आंब्याच्या मोहरासारखा सुवास असलेला आंबेमोहर हा मावळ-मुळशीचा परंपरागत तांदूळ आहे. मात्र त्याचे ताट उंच असल्याने पीक लोळते व उत्पन्न कमी येते. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली ‘आय.आर. ८’ हा बुटका, भरघोस उत्पन्न देणारा वाण प्रसारित केला होता. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ शी त्याचा संकर करून ‘इंद्रायणी’ हा वाण निर्माण करण्यात आला व १९८७ साली तो प्रसारित झाला. सुवास आणि उत्पन्न ह्यांचा मेळ साधल्यामुळे आज इंद्रायणी तांदळास महाराष्ट्रभर मागणी आहे. अलीकडे तळेगाव परिसरात व पवन मावळात हरितगृहांतून गुलाबाची लागवडही होत असून फेब्रुवारीत ही फुले परदेशी जातात. तथापि तालुक्याचे मुख्य पीक भातच आहे.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. बांध : उन्हाळ्यातच खाचरांच्या बांधांची डागडुजी करावी. खेकड्यांची बिळे बुजवावीत. एक फुटका बांध खालच्या सर्व खाचरांतील माती व खत वाहून नेतो.

२. रोपे व हिरवळीचे खत : राब भाजण्यासाठी पालापाचोळा व शेण जाळण्यापेक्षा गादीवाफ्यावर रोपे तयार करावीत. वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी, म्हणजे रोपे कणखर होतात. बांधांवर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीपूर्वी खाचरात गाडावा.

३. लावणी व खत : चारसूत्री पद्धतीप्रमाणे चुडांतील अंतर आळीपाळीने १५ व २५ सेंटीमीटर ठेवावे आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचावी. वरून फेकलेला युरिया मावळच्या पावसात एका खाचरातून दुसऱ्यात वाहून जातो; खोल खोचलेली गोळी मात्र पिकाच्या मुळांशी राहते.

४. दुसरे पीक : कापणीनंतर जमिनीतील ओल उडून जाण्यापूर्वी हरभरा, मसूर अथवा वाल पेरावा. ह्या पिकांनी घरास डाळ मिळते व जमिनीचा कसही वाढतो.

५. जमीन : द्रुतगती मार्गामुळे मुंबई-पुण्याच्या लोकांची मागणी वाढून येथील जमिनींस मोठे मोल आले आहे. विक्रीचा निर्णय सर्व वारसांनी एकत्र बसून, सातबारा उतारा तपासून व पुढील उपजीविकेचा विचार करून घ्यावा. भातखाचर घडण्यास अनेक पिढ्यांची मेहनत लागते. एकदा मातीचा भराव पडला, म्हणजे ते पुन्हा पूर्ववत होत नाही.