‘रन्’ ह्या क्रियापदाचे विविध अर्थ

इंग्रजींतील लहान क्रियापदें दिसण्यांत सोपीं, पण वापरण्यांत फार अवघड असतात. एकदां आमच्या वर्गांत ‘दि टॅप् इज् रनिंग्’ ह्याचें भाषांतर एका मुलानें ‘नळ पळत आहे’ असें केलें. वर्ग हंसला, आम्हीहि हंसलों. त्यानंतर कित्येक आठवडे तो मुलगा इंग्रजीचा एक शब्दहि बोलला नाहीं. वास्तविक चूक त्याची नव्हती. ‘रन् म्हणजे धांवणें’ एवढेंच आम्हीं त्याच्याकडून पाठ करून घेतलें होतें. त्या आमच्या चुकीची भरपाई म्हणून हा लेख.

पायांनीं धांवणें हा ‘रन्’चा मूळ अर्थ खरा, पण त्याच्या पोटांत ‘न अडतां पुढें जात राहणें’ ही कल्पना आहे. ती मनांत धरून आपल्या खोपोलीकडेच पाहावें.

१. ठराविक मार्गानें ये-जा करणें. १८५६ सालीं लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला. कर्जत-खोपोली गाडीविषयीं ‘दि ट्रेन् डझ् नॉट् रन् टुडे’ असें म्हटलें, तर ‘गाडी आज हळू चालते’ असा अर्थ नव्हे. ‘आज गाडी नाहीं’ असा आहे.

२. वाहणें. ‘दि रिव्हर् रन्स् वेस्ट्’ : पाताळगंगा पश्चिमेकडे वाहते. नळाचें वाक्यहि ह्याच जातीचें.

३. यंत्र चालणें. येथील टाटांचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी मोठ्या नळांतून खालीं येऊन चक्रें फिरवितें. पाणीहि ‘रन्स्’ आणि यंत्रहि ‘रन्स्’!

४. पसरलेलें असणें. ‘दि रोड् रन्स् थ्रू दि घाट्’ : रस्ता जागचा हलत नाहीं, तरी मराठींतहि तो घाटांतून ‘जातो’च.

५. चालविणें. येथें क्रियापद सकर्मक होतें. ‘शी रन्स् अ शॉप्’ : ती दुकान चालविते.

शिवाय अव्यय जोडतांच अर्थ पालटतो. ‘रन् आउट् ऑफ् राइस्’ म्हणजे तांदूळ संपणें. ‘रन् इन्टु अ फ्रेंड्’ म्हणजे मित्राची अवचित गांठ पडणें. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या संपादकांनीं ह्या एकाच क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. ते सारे कोण पाठ करणार? म्हणून शब्द सुटा घोकूं नये. कर्ता कोण, कर्म आहे कीं नाहीं, पुढें अव्यय कोणतें, हें पाहून अर्थ ठरवावा.

पुढें आम्हीं त्याच वर्गाला आपल्या ‘लागणें’ ह्या क्रियापदाचें इंग्रजी करावयास सांगितलें. भूक लागते, ठेच लागते, खोपोली सोडली कीं घाट लागतो, आणि शेजारीण आपली मावशी लागते! एका शब्दानें कोणाचेंच भागेना. सारा वर्ग अडखळला, तेव्हां तो मुलगा प्रथमच मोकळेपणीं हंसला व उत्तर देण्यास उभा राहिला.

पालकांस एवढीच विनंति कीं, घरीं मुलाचें इंग्रजी चुकलें तर हंसूं नये. तो चुकला कोठें, हें त्याच्याजवळ बसून पाहावें. जो बोलावयास भितो, त्याला कोणतीच भाषा येत नाहीं.