इंधनबचतीचे घरगुती गणित
महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. मासिक वापर १०० युनिटांपुढे गेला की त्यापुढील युनिटांस अधिक दर पडतो; साहजिकच बचतीचा पहिला लाभ या महाग युनिटांवर होतो. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १० तास फिरल्यास ३० दिवसांत २२.५ युनिट वीज लागते. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्यास ९ युनिट पुरतात.

गॅसबाबतही असेच आहे. उघड्या भांड्यात उकळी फुटल्यावर ज्योत मोठी ठेवल्याने अन्न लवकर शिजत नाही. केवळ वाफ वाढते. डाळ आधी भिजवावी, झाकण ठेवावे, उकळी येताच ज्योत मंद करावी. १४.२ किलोचा सिलिंडर त्यामुळे अधिक दिवस पुरतो. बेताच्या मिळकतीत संसार चालविणाऱ्या गृहिणीस हा आधार लहान नव्हे.