जठराचा कर्करोग कसा पसरतो : प्रथिनांची साक्ष

पोटाच्या तक्रारी अंगावर काढण्याची आपल्याकडे रूढीच आहे. पित्त झाले म्हणून सोडा घ्यावा, एखादे लंघन करावे, आणि तसेच महिने लोटावे. जठराचा कर्करोग नेमका याच काळात वाढतो. म्हणून त्याच्या प्रसाराविषयी शास्त्रास जे उमगले आहे, त्यातील थोडे वासण्यातील आपल्या कुटुंबांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

जठराच्या अस्तरातील पेशी भिंतीतील विटांप्रमाणे एकमेकींस घट्ट धरून असतात. त्यांना सांधणारा चुना म्हणजे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन होय. हा चुना निघाला की पेशी सुट्या होऊन भिंतीत झिरपतात आणि पुढे लसिकाग्रंथी, यकृत वा उदरावरण येथे ठाण मांडतात. न्यूझीलंडमधील एका माओरी कुळात पिढ्यानपिढ्या होणाऱ्या या रोगाचे मूळ १९९८ साली याच प्रथिनाच्या जनुकात सापडले.

दुसरे प्रथिन हर-२. काही रुग्णांच्या कर्कपेशींवर ते फाजील असते व पेशींना वाढीस चेतवीत राहते. त्यास अडविणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध नेहमीच्या रसायनोपचारास जोडले असता, रोग बळावलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. लाभ थोडा खरा. पण कोणास कोणते औषध लागू पडेल, हे प्रथिन सांगू शकते.

ही प्रथिने मुख्यतः रोगग्रस्त भागाचा तुकडा काढून तपासतात. मुंबईस १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा ऊतिपरीक्षेचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला.

आता एक सावधगिरीची सूचना. रक्तातील सी.ई.ए. हे प्रथिन १९६५ पासून ज्ञात आहे. तथापि रोगाच्या आरंभी ते पुष्कळदा वाढलेले नसते, आणि धूम्रपान करणाऱ्या निरोगी माणसात वाढलेले आढळते. तेव्हा रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. वजन घटणे, दोन घासांत पोट भरणे, गिळण्यास त्रास, काळी शौचास होणे, कारणावाचून पंडुरोग, यांपैकी काही दिसल्यास दुर्बिणीने जठर तपासून घ्यावे. घरात पूर्वी कोणास हा रोग झाला असल्यास तेही डॉक्टरांस अवश्य सांगावे. चुना शाबूत आहे तोवरच भिंत सावरता येते.