पाण्याचे दान : देणे आणि सांभाळणे

चैत्राचे ऊन तापू लागले की आपल्या सीमाभागातील बाजारपेठांतून जागोजागी पाणपोया उभ्या राहतात. झावळ्यांचा मांडव, ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोनचार रांजण, लांब दांड्याचे ओगराळे आणि बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेली तहानलेली माणसे, हे दृश्य लहानपणापासून आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पाणी पिणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही. पाणी पाजणाराही आपले नाव सांगत नाही.

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी वर्षात पाण्यासाठी काही कायमचे कार्य व्हावे, अशी इच्छा अनेक सभासदांनी व्यक्त केली आहे. काहींच्या मते एखाद्या खेड्यात कूपनलिका खोदून द्यावी. जगभर पाण्याचे कार्य करणाऱ्या एखाद्या संस्थेस देणगी पाठवावी, असे दुसरे काही म्हणतात. दोन्ही सूचना सद्भावनेच्या आहेत. परंतु सद्भावना हे दानाचे केवळ पहिले पाऊल होय. दुसरे पाऊल अभ्यासाचे असते आणि तेवढ्यापुरताच हा लेख आहे.

जुना वारसा

पाण्याचे दान सर्व धर्मांनी श्रेष्ठ मानले आहे. इस्लामी परंपरेत मदिनेतील रूमा विहिरीची कथा प्रसिद्ध आहे. त्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे आणि गरिबांचे हाल होत. प्रेषितांनी आवाहन केल्यावर हजरत उस्मान यांनी ती विहीर विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. परंपरा असे सांगते की आरंभी त्यांनी निम्माच हक्क घेतला. एक दिवस त्यांचा, एक दिवस मूळ मालकाचा. लोक उस्मानांच्या दिवशी दोन दिवसांचे पाणी भरून नेऊ लागले. मालकाचे गिऱ्हाईक तुटले, तेव्हा त्याने उरलेला हक्कही विकून टाकला. या कथेत औदार्य आहे तसा व्यवहारही आहे. विहिरीवर जाऊन चार घागरी वाटण्याऐवजी त्यांनी पाण्यावरील हक्कच लोकांच्या हाती दिला.

अशा दानास ‘सदका-ए-जारिया’ म्हणतात. ‘जारी’ हा शब्द आपल्या मराठीत रोजच्या वापरात आहे. जे दान जारी राहते, दात्याच्या मागेही चालू राहते, ते सदका-ए-जारिया. या शब्दातच एक अट दडलेली आहे, ती अशी की दान चालू राहिले पाहिजे. बंद पडलेल्या विहिरीला जारी कसे म्हणावे?

अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी घाट, विहिरी आणि पाणपोया यांची सोय केली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुला केला. त्या हौदाला नवे दगड लागले नाहीत, नवे पाणीही लागले नाही. मालकाने आपले मन तेवढे मोकळे केले. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रा. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयीन निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. याच बाबासाहेबांनी १९२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या निपाणीस भरलेल्या परिषदेत भाषण केले होते, ही गोष्ट निपाणीकरांनी विसरू नये. पाणी आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. ते कोणाला मिळते, हेही विचारावे लागते.

बेळगावास १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याच्या व्यवस्थेचा भार वाहिला. हजारो पाहुण्यांची तहान भागविण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदण्यात आली आणि ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. भाषणांचे मांडव उतरले, पण विहीर मागे राहिली.

जगाची तहान

आता थोडे दूर पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पिण्याचे स्वच्छ पाणी हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. परंतु जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२५ च्या अहवालानुसार, २०२४ साली जगातील सुमारे २१० कोटी लोकांना सुरक्षित पाणी मिळत नव्हते. सुरक्षित याचा अर्थ घरी मिळणारे, हवे तेव्हा मिळणारे आणि दूषित नसलेले. यांपैकी १० कोटींहून अधिक लोक नदी, ओढा, तळे यांचे पाणी जसेच्या तसे पितात.

या कार्यात अनेक संस्था गुंतल्या आहेत. ‘वॉटरएड’ ही संस्था ब्रिटनमधील पाणीपुरवठा व्यवसायातील मंडळींनी १९८१ साली स्थापन केली. १९९० साली अमेरिकेत आरंभ झालेली संस्था आज ‘वॉटर डॉट ऑर्ग’ या नावाने ओळखली जाते. गरीब कुटुंबांना नळजोडणीसाठी लहान कर्जे मिळवून देण्याची तिची पद्धत आहे. ‘चॅरिटी : वॉटर’ ही २००६ सालची संस्था असून सर्वसामान्यांची देणगी पूर्णपणे प्रत्यक्ष कामावर खर्चावयाची आणि कार्यालयाचा खर्च निराळ्या देणगीदारांकडून घ्यावयाचा, असा तिचा नियम आहे.

जालना आणि सोलापूरची देणगी

जगाने आपणांस दिले, तसे आपणही जगाला दिले आहे. खेड्यापाड्यांत आपण ज्याला हापसा म्हणतो, त्याची कुळकथा महाराष्ट्रात सुरू होते.

१९६० नंतरच्या दशकातील दुष्काळात खडकाळ जमिनीत कूपनलिका खोदण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले होते. त्यांवर सारे गाव पाणी भरू लागताच ते मोडू लागले. १९७४ साली युनिसेफने केलेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. कोट्यवधींचे दान जमिनीत गाडले गेल्यासारखेच झाले होते.

याच सुमारास जालना येथील मिशनच्या आणि सोलापूरच्या कार्यशाळांतून पोलादी, टिकाऊ पंप तयार होऊ लागले होते. सोलापूरच्या पंपाचा नमुना समोर ठेवून युनिसेफ, मद्रासची यांत्रिकी संशोधन संस्था आणि ‘रिचर्डसन अँड क्रुडास’ हा कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला. १९७७-७८ च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू झाले. त्याचे पेटंट कोणी आपल्यापुरते राखून ठेवले नाही. कोणत्याही देशातील कारखान्याने तो करावा, अशी मोकळीक राहिली. आज आफ्रिकेतील कितीतरी खेड्यांत धर्मादाय संस्थांच्या पैशाने बसलेला पंप हा या सोलापुरी घराण्याचा आहे. पुढे ‘मार्क तीन’ आला. त्यात सर्व पाइप वर न काढता आतला दट्ट्या काढता येतो, म्हणजे दुरुस्ती गावातल्या गावात होऊ शकते.

चुकांचे धडे

विद्यार्थ्याला बरोबर उत्तराइतकेच चुकलेले उत्तरही शिकविते. येथे दोन उदाहरणे पुरेत.

पहिले बांगला देशाचे. तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे मुले दगावत, म्हणून तेथे लक्षावधी नळविहिरी खोदण्यात आल्या. हेतू निर्मळ होता, पाणीही निर्मळ दिसत होते. परंतु त्यात आर्सेनिक हे विष होते. १९९३ साली ते उघडकीस आले आणि तोवर लोक वर्षानुवर्षे ते पाणी पीत होते. पाण्याची शुद्धता डोळ्यांना दिसत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते.

दुसरे ‘प्लेपंप’चे. मुलांनी चक्रपाळण्यावर खेळावे आणि त्या फिरण्याने पाणी वर चढावे, अशी ही दक्षिण आफ्रिकेतील कल्पना. २००६ साली अमेरिकेत तिच्यासाठी मोठ्या रकमा जाहीर झाल्या. आता आपण शाळेतले गणित करू. एका पंपाने २,५०० लोकांना पाणी मिळेल असे सांगण्यात येई. माणशी रोज केवळ १५ लिटर धरले तरी ३७,५०० लिटर होतात. पंप तासाला १,४०० लिटर देतो असा दावा होता. भागाकार करा; उत्तर जवळजवळ २७ तास येते. दिवस मात्र २४ तासांचा! शिवाय किंमत साध्या हापशाच्या सुमारे चौपट. मुले खेळून थकली की बायाबापड्यांना ते चाक हाताने ओढावे लागे. काही वर्षांतच ही योजना गुंडाळावी लागली. सहावीतील मुलाने केला असता असा भागाकार देणगीदारांनी केला नाही.

घरचे उदाहरण

परदेशावर हसण्याचे कारण नाही. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही सीमाभागातील एका लहान शाळेत होतो. एका उदार गृहस्थांनी शाळेच्या आवारात हापसा बसवून दिला होता. चौथऱ्यावर संगमरवरी पाटी होती, उद्घाटनास हारतुरे झाले होते. दुसऱ्या वर्षी दट्ट्याचे वायसर झिजले आणि पाणी बंद झाले. दुरुस्ती कोणी करावयाची? शाळा म्हणे गावाने, गाव म्हणे शाळेने. आम्हीही दोन अर्ज लिहिले आणि कर्तव्य झाले असे मानून स्वस्थ बसलो. मुले मधल्या सुट्टीत ओढ्यावर जाऊ लागली. पावसाळा लागताच कावीळ आली. सहावीतील एक हुशार मुलगी दीड महिना अंथरुणास खिळली. ती वाचली, ही ईश्वराची कृपा. परंतु ते वर्ष तिच्या हातचे गेले. पुढे गावातील दोन तरुणांनी तालुक्याहून हत्यारे आणवून अर्ध्या दिवसात पंप चालू केला. वायसरचा खर्च उद्घाटनाच्या हारांहून कमी होता. त्या मुलीचा पिवळा पडलेला चेहरा आम्ही आजही विसरलेलो नाही.

दूषित पाण्याचे भय शहरांनाही आहे. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. नळ थांबून थांबून येतो तेव्हा रिकाम्या नळ्यांत फटींतून बाहेरची घाण शिरते. बेळगाव, हुबळी व धारवाड येथील काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. हुबळी-धारवाडच्या अभ्यासात अखंड पुरवठ्याचे पाणी थांबून येणाऱ्या पाण्यापेक्षा पुष्कळच शुद्ध आढळले. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला कृष्णेचे पाणी न्यावे लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. खेड्यात घरोघरी नळ देण्याची जल जीवन मिशन ही योजना १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाली. माणशी रोज ५५ लिटरचे तिचे माप आहे. नळ आले तरी त्यांतून रोज पाणी येते का आणि ते शुद्ध असते का, हे पाहण्याचे काम उरतेच.

दात्याने काय विचारावे?

तेव्हा जवळ असो वा दूर, देणगी देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. पाणी कोणाकोणाला मिळणार, कोणी वगळला तर जाणार नाही ना? पाण्याची तपासणी झाली आहे काय आणि ती दरवर्षी होणार काय? पंप वा नळ मोडल्यास दुरुस्ती कोण करील, आणि पैसा कोठून येईल? गावातील बायकांना, ज्या घागरी वाहतात, त्यांना जागा निवडताना विचारले काय? आणि पाच वर्षांनी ते काम चालू आहे की नाही, हे संस्था आपणहून कळविते काय?

कार्यालयावरील खर्च कमी, एवढ्यावरून संस्थेची पारख करू नये. पंपाची देखभाल करणारा माणूसही पगार घेतो, आणि तो नसेल तर पंपही राहत नाही. चित्रांपेक्षा हिशेब पाहावा, आणि नव्या कामांच्या आकड्यांपेक्षा जुन्या कामांची आजची स्थिती विचारावी.

परदेशी देणगीविषयी एक व्यावहारिक सूचना. ट्रस्टच्या उत्पन्नातून भारताबाहेर केलेल्या खर्चास प्राप्तिकराची सवलत सर्वसाधारणपणे मिळत नाही. म्हणून विश्वस्तांनी असा ठराव करण्यापूर्वी हिशेबतपासनिसांचा सल्ला अवश्य घ्यावा. या जागतिक संस्थांपैकी काहींचे काम भारतातही चालते, हेही ध्यानात असावे.

आमची नम्र सूचना अशी : महोत्सवी निधीचे तीन भाग करावेत. एका भागातून पाण्याचे नवे काम व्हावे. दुसरा भाग बँकेत ठेवून त्याच्या व्याजातून दरवर्षी दुरुस्ती व्हावी. तिसऱ्या भागातून पाण्याची तपासणी आणि गावातील दोन मुलांना, व त्यांतील एक मुलगी असावी, हापसा दुरुस्तीचे शिक्षण मिळावे. दूरच्या तहानलेल्यांसाठी ज्यांना द्यावेसे वाटते, त्यांनी वरील पाच प्रश्न विचारून अवश्य द्यावे. तहानेला सीमा नसते, हे सीमेवर राहणाऱ्या आपल्याला कोणी सांगावयास नको.

आणि ज्यांच्याजवळ द्यावयास पैसा नाही, त्यांनी खिन्न होऊ नये. आपल्या गल्लीतील टाकीत क्लोरीनची पावडर वेळेवर पडते का, हे पाहणे. साथीच्या दिवसांत पाणी चांगली उकळी येईतो तापवून घेणे व शेजाऱ्यास तसे सांगणे. गळका नळ बंद करणे, हेही पाण्याचेच दान होय.

पाणपोईचा रांजण सकाळी भरला म्हणजे काम संपत नाही. दुपारी तो पुन्हा भरावा लागतो, संध्याकाळी धुवावा लागतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावा लागतो. आपला ट्रस्ट इतकी वर्षे टिकला तोही कोणीतरी रोज रांजण भरीत राहिल्यामुळेच. पुढील पिढीच्या हाती तो भरलेलाच जावो, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.