४२ सोसणारा माणूस ३४ ला पडतो

माझ्या थोरल्या भावाला, आण्णांना, पोरीच्या लग्नात उपासानं चक्कर आली, असं पनवेलकडचे पाहुणे अजून सांगत फिरतात. काही जण आणखी पुढं जातात : मुलीच्या बापाचा जीव हळवा, मनाला लावून घेतलं. दोन्ही खोटं आहे. आण्णांना ऊन लागलं होतं, तेही हॉलच्या आत, छताखाली, चालू कुलरच्या समोर. कळंबला बसस्टँडजवळ माझं कुलर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. कुलर काय करतो आणि काय करत नाही, एवढं तरी मला कुणी शिकवायला नको.

मे महिना, पनवेलचा हॉल, दुपारचा मुहूर्त, एसी ऐन वेळी बसलेला. मॅनेजरनं मंडपवाल्याकडून मोठाले लोखंडी कुलर आणवले, टाक्या भरल्या, पंप चालू केले आणि गार हवा बाहेर जाईल म्हणून दारं लावून घेतली. मी उठून त्याच्याकडं गेलो. म्हटलं, "पंप बंद करा, नुसते पंखे चालू ठेवा आणि समोरासमोरची दारं उघडा." तो हसला. "काका, तुमच्याकडं ४२ असतं ना? इथं मोबाईल ३४ दाखवतोय. मराठवाड्याच्या माणसाला ३४ नं काय होतंय?" शेजारी नवरदेवाचे चुलते उभे होते. ते म्हणाले, "पाहुणे, आजच्या दिवस तरी दुकान बंद ठेवा." चार माणसं हसली. मी वधूपक्षाचा. गप्प बसलो.

आण्णा विधीला बसले होते. कन्यादानाचा उपास म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, अंगात जाकीट, डोक्याला वरपक्षाच्या माणसानं आवळून बांधलेला फेटा. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा त्यांच्या हाताकडं लक्ष गेलं. मनगटापासून घाम ओघळत होता, कोपरावर थेंब धरत होता आणि फरशीवर पडत होता. टपटप. खाली थारोळं साचलेलं. आमच्याकडं भर उन्हात तुरीचं काड उपसणाऱ्या गड्याच्या अंगावरूनही घाम असा गळताना मी पाहिलेला नाही. तो अंगातून निघतो आणि तिथंच वाळतो; संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या राहतात. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आण्णांचा घाम वाळतच नाहीये, म्हणजे त्यांचं अंग गार होतच नाहीये. माणूस घाम येण्यानं गार होत नाही, घाम वाळण्यानं होतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच फरशीवर गळाला तर काही नेत नाही, उलट पाणी आणि मीठ मात्र जातं.

मी परत मॅनेजरकडं निघालो, तेवढ्यात मागं गलका झाला. कन्यादान नुकतं उरकलं होतं. आण्णा उठायला गेले, भटजींना काहीतरी असंबद्ध बोलले, पुतणीला आमच्या आईच्या नावानं हाक मारली आणि आडवे झाले.

आता कुलरचं सांगतो. कुलर हवा गार करत नाही, पाणी वाळवतो. वाळताना पाणी हवेतली उष्णता ओढतं. थर्मामीटरच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथं येऊन थांबतो, त्याच्या खाली कुठलाही कुलर हवा नेऊ शकत नाही. कळंबला मे महिन्यात हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचा पारा २२ च्या आसपास येतो. ताट्या चांगल्या असतील, पाणी सगळीकडं पसरत असेल, तर कुलरमधून २६-२७ ची हवा निघते. पनवेलला हवा ३४ आणि आर्द्रता ६५ टक्के धरली तर ओलं फडकं २८ च्या वरच थांबतं, म्हणजे कुलरची सगळी करामत फार तर चार-साडेचार अंशांची. त्यात दारं बंद, शेकडो माणसांचा श्वास आणि घाम, होमाची धग, आणि वर कुलर टाकीच्या टाकी पाणी हवेत ओततोय. चार अंशही उतरले नसतील, दमटपणा मात्र घटकेघटकेला चढत गेला. हॉलच्या मागं पाणी प्यायला माठ ठेवला होता. बाहेरून ओलाचिंब, आतलं पाणी कोमट. माठ पाझरतो आणि ते पाणी वाळतं म्हणून आतलं गार होतं. आपलं अंगही तसंच चालतं. परक्या गावी गेलात तर मोबाईलमधला आकडा नंतर बघा, आधी माठातलं पाणी पिऊन बघा. ते गार होत नसेल तर तिथं तुमचीही धडगत नाही.

आण्णांना आम्ही उचलून ओसरीत आणलं. फेटा सोडला, जाकीट काढलं, अंगावर पाणी ओतलं आणि पंगतीची ताटं घेऊन दोघातिघांनी वारा घातला. वरपक्षाच्या एका बाई नाकाशी कांदा धरून बसल्या होत्या, त्यांना बाजूला करायला वेळ गेला. दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कुठून आलात?" कळंब सांगितल्यावर म्हणाल्या, "कोरड्या हवेतून आलेल्या माणसाला इथं रुळायला आठ-पंधरा दिवस लागतात. तुम्ही तर काल रात्री गाडीत बसलात." संध्याकाळी आण्णा शुद्धीत, बोलते-चालते झाले. पण पोरीची पाठवणी झाली तेव्हा बाप सलाइन लावून पडला होता. पाहुणे एक तासभरही थांबले नाहीत. हॉलच्या बिलात कुलरचं भाडं मात्र वेगळं लावलेलं होतं.

गावी परतल्यावर आमच्याच लोकांनीही थट्टा केली : मुंबईच्या उन्हानं कधी कुणी पडतं का! त्यांना मी खारघर आठवायला सांगतो. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. त्या दिवशी त्या भागात पारा ३८ च्या आसपास होता आणि उष्माघातानं १४ माणसं गेली. ३८ आमच्याकडं पाडव्याला असतं, त्याला कुणी ऊन म्हणत नाही. हवामान खात्याचा नियमसुद्धा बघा. मैदानी भागात पारा निदान ४० ला गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनाऱ्यावर ३७ झाले आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असले की लाट धरतात. म्हणजे सरकारच्या लेखीसुद्धा तिकडचा अंश आणि इकडचा अंश एका मापाचा नाही. हे त्या मॅनेजरला कुणीतरी वाचून दाखवा.

कोरडं ऊन मवाळ असतं असं मी म्हणत नाही. ते गुपचूप मारतं. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला मुंबई-ठाण्याचे भाविक येतात, घाम दिसत नाही म्हणून खुशीत असतात आणि दुपारपर्यंत कुणाचा तरी घोळणा फुटतो. घाम येत असतो, दिसत नसतो. इकडं तहानेवर विसंबू नका. लघवी गडद पिवळी व्हायला लागली की समजा उशीर झालाय. आणि अंग झाका. हवा ४० च्या पुढं गेली की ती अंगापेक्षा गरम असते, उघड्या कातडीला ती भाजतेच. पंख्याचा कोरडा वाराही तेव्हा सुखाचा नसतो. आमची जुनी माणसं भर मे महिन्यात धोतर, लांब बाह्यांचा सदरा आणि डोक्याला पटका घालायची, त्याचं लोकांना हसू येतं. तळकोकणातला शेतकरी त्याच दिवसांत एका पंचावर उघडा असतो. दोघंही शहाणे, आपापल्या जागी. घरांचंही तसंच : आमचं माळवद, जाड भिंती, लहान खिडक्या, दिवसा दार लोटलेलं आणि रात्री अंथरूण वर, त्यांचं उतरतं कौलारू छप्पर आणि चारी बाजूंनी वारा. रात्रीचा फरक तर मोठाच. आमच्याकडं दिवेलागणीनंतर वारं सुटतं, अंगाला उसंत मिळते. मुंबईला मे महिन्यात रात्रीचा पारा २७ च्या खाली यायला तयार नसतो. म्हणून तिकडं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस जास्त ढासळतो.

पोरं मुंबईकडं नोकरीला लागली की आईबाप इथून कुलर पाठवतात. पुण्यापर्यंत ठीक आहे. बोरघाट उतरून पुढं पाठवू नका, तेवढ्या पैशात चांगला पंखा घ्या. इथंसुद्धा कुलर खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. खोलीत कोंडून चालवला की तासाभरात तेच पनवेल होतं. पहिला पाऊस पडला की माझ्या दुकानात रांग लागते, "कुलर थंड करत नाही." मोटर ठीक, पंप ठीक, ताट्या नव्या. हवा ओली झालीय, त्याला मी काय करू? पण गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच काहीतरी बिघडवलंय.

पाणी भरपूर प्या, दुपारी बाहेर पडू नका, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. नुसतं पाणी मात्र पुरत नाही. मीठ घातलेलं ताक घ्या, नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर तो उपास नाही, भीती नाही आणि नाटक नाही. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंग भिजवत राहा, वारा घालत राहा. बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. हॉल ठरवताना एसी बंद पडला तर दारं उघडणार का, जनरेटरवर एसी चालतो का, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी बोलण्याला तिथं कुणी विचारत नाही, मुलीकडच्या माणसाच्या तर नाहीच.

आणि कन्यादानाच्या उपासाचं. आण्णा घरी आल्यावर आमच्या भटजींना भेटायला गेले होते. ते म्हणाले, लिंबाचं सरबत चालतं, ताकही चालतं, त्यानं उपास मोडत नाही. पनवेलच्या भटजींनाही हे माहीत असणारच. आण्णा त्यांच्यासमोर दोन तास घामानं निथळत बसले होते.